माडीच्या कडीतून आणि स्लॅबच्या पोटातून वायर नेताना

माडीच्या फळ्यांखाली असो, स्लॅबमध्ये असो की फरशीखाली, जमिनीत वायर टाकायची नसते, वायरची वाट टाकायची असते. वायर कधी ना कधी बदलावी लागणारच. उंदीर कुरतडतो, उन्हानं प्लास्टिक कडक होतं, घरात फ्रीज येतो, कूलर येतो, इन्व्हर्टर येतो आणि जुनी वायर कमी पडते. त्या दिवशी जुनी ओढून नवी घालता आली, तर ते काम झालं म्हणायचं. फळी उखडावी लागली किंवा स्लॅबला छिन्नी लावावी लागली, तर ते काम पहिल्याच दिवशी चुकलेलं होतं.

मी तारतंत्री, म्हणजे वायरमन. यवतमाळच्या आयटीआयमधून ट्रेड केला, वायरमनचा परवाना काढला आणि आर्णी, दारव्हा, घाटंजी या पट्ट्यातल्या गावांत फिटिंगची कामं करतो. आमच्याकडे एकाच गल्लीत दोन तऱ्हेची घरं असतात. एक आजोबांच्या वेळचं, मातीच्या जाड भिंतींचं, सागवानी कड्यांवर फळ्या टाकून माडी केलेलं. शेजारीच नातवाचं स्लॅबचं घर, नाहीतर घरकुल. दोन्हींत वायर वरच्या मजल्यावर न्यायची तर मधली जमीन ओलांडावीच लागते, आणि दोन्हींच्या जमिनीचा स्वभाव वेगळा आहे. हे लिहितोय ते नव्या पोरांसाठी आणि घरमालकांसाठी. घरमालकानं स्वतः हत्यार उचलू नये. परवानाधारक माणसाकडूनच काम करून घ्यावं, महावितरणला नव्या मीटरसाठी टेस्ट रिपोर्टही तशाच ठेकेदाराचा लागतो. पण काम चालू असताना काय बघायचं, हे मालकाला कळलंच पाहिजे, कारण झाकल्यावर कोणालाच काही दिसत नाही.

आधी लाइन बंद करणं. हे सगळ्यांना माहीत असतं आणि यातच माणसं जातात. मेन स्विच खाली केला म्हणजे घर मेलं असं नाही. आता गावोगाव इन्व्हर्टर आहेत. लाइट गेले की इन्व्हर्टर आपोआप अर्ध्या घराला करंट देतो, आणि आपण मेन पाडतो तेव्हा त्याच्या लेखी लाइट गेलेलेच असतात. म्हणून आधी इन्व्हर्टरचं बटण बंद करायचं आणि त्याच्या आउटपुटची वायर सोडवून टेप लावून ठेवायची. जुन्या घरात मेनला किटकॅट फ्यूज असतात. ते काढून सरळ खिशात टाकायचे. फ्यूज बोर्डावर ठेवला की घरातलं कोणीतरी, मोबाइल चार्ज करायचा म्हणून, पुन्हा बसवतं.

मग तपासणी. स्क्रू ड्रायव्हरसारखा टेस्टर एकटा पुरत नाही, दिवसाच्या उजेडात त्याचा लाल ठिपका दिसत नाही. दोन वायरींचा टेस्ट लॅम्प ठेवावा. तो आधी चालू लाइनवर लावून बघायचा, पेटतो ना. मग जिथं काम करायचं तिथं लावायचा. मग पुन्हा चालू लाइनवर. तिसरी वेळ यासाठी, की मधल्या वेळात दिव्याचीच तार तुटली असेल तर मेलेला दिवा आपल्याला "करंट नाही" असं खोटं सांगतो. चालू लाइन शेजाऱ्याकडची वापरा किंवा मेनच्या आधीची, पण ही तिसरी तपासणी सोडू नका.

लाकडी माडी

या भागातल्या माडीची रचना बहुतेक अशीच असते. मधे एक मोठं म्याल, म्हणजे मुख्य तुळई. त्यावर आणि भिंतीवर टेकलेल्या कड्या, दीड-दोन फुटांच्या अंतरानं. कड्यांवर इंचभर जाडीच्या फळ्या. बऱ्याच घरांत फळ्यांवर मातीचा थर आणि वरून शेणाचं सारवण. लाकूड जुनं सागवान असलं की वाटतं, याला काय होतंय, पाडा भोक. लाकूड चांगलं असतंच. पण भोक कुठं पाडलं यावर कडीचा जोर राहतो की जातो, हे ठरतं.

कडीवर वजन आलं की ती किंचित वाकते. वाकताना तिचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा भाग ताणला जातो. बरोबर मधल्या उंचीवर ना दाब ना ताण. म्हणून भोक कडीच्या उंचीच्या मध्यावर. खालच्या बाजूनं खाच मारून वायर बसवणं म्हणजे सगळ्यात ताणलेलं लाकूड कापणं, तसं कधीही करू नका. वरून खाच मारणंही मी जुन्या घरात करत नाही. वरची खाच म्हणजे वायर थेट फळीच्या खाली, खिळ्याच्या तोंडाशी.

लांबीतही जागा ठरलेली आहे. ब्रिटनमध्ये लाकडी जमिनींची घरं भरपूर आहेत आणि तिथं वापरलं जाणारं माप आपल्या चौकोनी कड्यांनाही लावता येतं. भिंतीपासून गाळ्याच्या, म्हणजे कडीच्या दोन टेकणींमधल्या अंतराच्या, पाव भागापासून ते चार दशांश भागापर्यंतच भोक पाडायचं, कडीच्या उंचीच्या पाव भागापेक्षा मोठं पाडायचं नाही, आणि दोन भोकांच्या मध्यांत भोकाच्या तिप्पट तरी अंतर ठेवायचं. गाळ्याच्या बरोबर मध्यात वाक सगळ्यात जास्त असतो, तिथं भोक नको. भिंतीच्या टेकणीजवळ कडी कातरली जाण्याचा जोर जास्त, आणि तिथंच ओल नि उदई लागलेली असते, तिथंही नको.

आकड्यांत बघू. कडी ६ इंच उंच आहे, गाळा १० फुटांचा. म्हणजे दोन्हीकडच्या टेकणीपासून अडीच फूट ते चार फूट एवढ्याच पट्ट्यात भोक. मोठ्यात मोठं दीड इंचाचं. २५ मिलिमीटरच्या पाइपाला २८ चं भोक पुरतं. ६ इंच म्हणजे १५० मिलिमीटर. मध्यावर २८ चं भोक पाडलं की वर आणि खाली ६१-६१ मिलिमीटर लाकूड शिल्लक राहतं.

हे ६१ का महत्त्वाचं? फळी एक इंचाची, तिला सुतार तीन इंची खिळा मारतो. म्हणजे खिळा कडीत दोन इंच, ५० मिलिमीटर उतरतो. कडीच्या वरच्या किंवा खालच्या कडेपासून वायर ५० मिलिमीटरपेक्षा जवळ नको, असा ब्रिटनचा नियम आहे. ६१ वर आपण वाचतो. पण उद्या कोणी हलणारी फळी पक्की करायला चार इंची खिळा ठोकला, तर तो तीन इंच, ७५ मिलिमीटर उतरेल आणि पाइपातून वायरमध्ये जाईल. म्हणून ज्या कडीतून वायर गेली, तिच्यावरच्या फळीवर मी खडूनं नाही, लोखंडी सुईनं कोरून खूण करतो, आणि वायरच्या बरोबर वर दीड-दोन मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी कडीवर स्क्रूनं बसवतो. पट्टीवर खिळा वाकतो, आत जात नाही. वेल्डिंगच्या दुकानात भंगारात पडलेली पट्टी मिळते.

कडी चारच इंच उंच असेल तर? १०० मिलिमीटरच्या कडीत २५ च्या वर भोक चालत नाही. २० चा पाइप, त्याला २२ चं भोक, वर-खाली उरलं ३९. खिळ्याच्या पल्ल्यात आलं. तिथं पट्टीशिवाय काम करायचंच नाही. आणि गोल बल्ल्या असतील तर भोकाचा विचार सोडून द्यावा. वरची सगळी मापं चौकोनी, सरळ रेषेच्या कडीची आहेत. गोल लाकडात मध्य कुठं, गाठ कुठं, आतून पोखरलंय का, काही भरवसा नसतो. तिथं पाइप बल्लीच्या बाजूनं सॅडल, म्हणजे पाइप धरून ठेवणारी पट्टी, मारून न्यायचा.

म्यालाला तर हात लावायचाच नाही. सगळ्या कड्यांचा भार त्याच्यावर. त्याच्या बाजूनं जा, खालून वळसा घाला, पण भोक नको.

एका घरी मावशी म्हणाल्या, "वायर दिसली नाही पायजे बाप्पा, आत्ताच तर रंग मारला." त्यांचं म्हणणं मला पटतं, घर त्यांचं आहे. पण त्या माडीला सगळ्या कड्या गोल होत्या. मी त्यांना म्हटलं, "मावशी, पाइप कडीच्या बाजूनं मधल्या उंचीवर नेतो, खालून मान वर करून पाहिलं तरच दिसन." तसंच केलं. कडीला समांतर वायर न्यायची असेल तर हीच सगळ्यात चांगली रीत आहे. लाकूड कापायचं नाही, खिळा लागत नाही, दर दोन फुटांवर सॅडल, आणि उद्या बदलायला दहा मिनिटं.

भोक पाडताना गिरमिट किंवा ड्रिलला लाकडाचा ऑगर बिट. आधी जागेवर लोहचुंबक फिरवा, जुन्या कडीत मोडके खिळे अडकलेले असतात. जाड टोच्यानं दाबून बघा. टोच्या सहज आत गेला तर आत उदईनं माती केली आहे, ती कडी सुताराला दाखवल्याशिवाय पुढं जाऊ नका. सागाचा बारीक भुसा घशाला आणि डोळ्यांना झोंबतो, तोंडाला रुमाल बांधा.

आता खरी अडचण. कड्यांमध्ये दीड फुटाची जागा, आणि पाइप तीन मीटरचा. सरळ पाइप आत घालता येत नाही. बरेच जण इथं लवचीक, घड्यांचा पाइप वापरतात. घालायला सोपा, पण आमच्या घरांत वर सोयाबीन, तूर, गहू साठवलेला असतो आणि धान्य तिथं उंदीर. तो पाइप उंदराला कागदासारखा. मी कडक पाइपाचे तुकडे कापतो. पहिला तुकडा पहिल्या कडीच्या भोकातून निम्मा पलीकडं सारायचा, मधल्या जागेत कपलर, म्हणजे जोडनळी, मग दुसरा तुकडा पुढच्या भोकातून मागं ओढून कपलरमध्ये. प्रत्येक कपलरला पाइप चिकटवायचं सोल्युशन. कापलेल्या पाइपाची आतली कड चाकूनं घासून गुळगुळीत करायची, नाहीतर वायर ओढताना तिचं वरचं आवरण तासलं जातं आणि ते बाहेरून दिसत नाही.

मातीच्या थरात पाइप पुरू नका. दिसायला सोयीचं वाटतं, वरून सारवलं की झालं. पण सारवण म्हणजे दर वेळी पाणी. शिवाय उंदराची बिळं त्याच मातीत. जॉइंट बॉक्स तर तिथं कधीच नको. जॉइंट असा ठेवायचा की खुर्चीवर उभं राहून झाकण काढता आलं पाहिजे.

कापूस

हे वेगळं लिहितोय, कारण पुस्तकात हे सापडत नाही आणि आमच्या जिल्ह्यात हेच सगळ्यात धोक्याचं आहे. दिवाळीच्या आसपास वेचणी सुरू होते, भाव येईपर्यंत कापूस घरातच. बैठकीत, माडीवर, छताला टेकेपर्यंत ढीग. कापसात हवा अडकून राहते, म्हणून त्याखाली दबलेल्या प्लगची किंवा जॉइंटची उष्णता बाहेर जात नाही. ढिला जॉइंट गरम होतो, आणखी ढिला होतो, आणि एक ठिणगी पुरते.

म्हणून माडीच्या जमिनीलगत बोर्ड नाही, प्लग नाही, जॉइंट नाही. बोर्ड भिंतीवर साडेचार-पाच फुटांवर, आणि तोही ज्या कोपऱ्यात कापूस कधी टाकत नाहीत तिथं. कुठं टाकतात ते घरच्या बाईला विचारा, तिला नक्की माहीत असतं. माडीची लाइन वेगळ्या एमसीबीवर, म्हणजे जादा करंटला आपोआप पडणाऱ्या स्विचवर, घ्या, म्हणजे कापूस भरला की ती खाली पाडून ठेवता येते. दिवा फक्त एलईडी, आणि ढिगापासून लांब.

जमीन ओलांडताना

पाइप उभा खालून वर जातो ती जागा नाजूक. तिथं पाय लागतो, पोतं घासतं, झाडू-पाणी होतं. आपल्याकडच्या वायरिंगच्या संहितेत, जमिनीतून वर जाणारी वायर जाड लोखंडी पाइपातून न्यावी, तो पाइप जमिनीच्या वर दीड मीटरपर्यंत असावा, खाली छताशी सपाट असावा, त्याला अर्थिंग असावं आणि वायर घासू नये म्हणून तोंडाला बुश असावा, असं सांगितलेलं आहे. गावात बहुतेक ठिकाणी मला उघडा पीव्हीसी पाइप जमिनीतून डोकं काढलेला दिसतो, तोही चार बोटं. पोत्यांच्या खोलीत हे चालत नाही. लोखंडी पाइप घाला, अर्थिंगची हिरवी वायर त्याला क्लॅम्पनं जोडा.

पाइपाभोवतीची फट बुजवायची. ती उघडी राहिली तर खालच्या खोलीतला धूर नि ज्वाळा त्याच वाटेनं वर जातात, आणि एरवी उंदीर-विंचू. प्लास्टर किंवा जिप्समनं बुजवा. थर्माकोल, फोम, कपड्याच्या चिंध्या कोंबू नका, त्या स्वतःच पेटतात.

स्लॅब

स्लॅबमध्ये चूक सुधारायला जागा नाही, म्हणून सगळी अक्कल ओतण्याच्या आधी लावायची.

क्रम असा. सेंट्रिंग झालं, प्लेटांना तेल लागलं, खालची सळई कव्हर ब्लॉकवर बांधून झाली, की आपलं काम सुरू. पाइप खालच्या सळईच्या वर आणि वरच्या सळईच्या खाली, म्हणजे स्लॅबच्या जाडीच्या मध्यात. सेंट्रिंगच्या प्लेटवर पाइप टाकून वर सळई बांधणारे मी पाहिले आहेत. त्यानं सळईखाली काँक्रीट शिरत नाही, नंतर तिथूनच गंज येतो आणि पोपडे पडतात.

स्लॅबच्या जाडीच्या तिसऱ्या भागापेक्षा जास्त जागा पाइपानं खायची नाही. पाच इंची स्लॅब म्हणजे १२५ मिलिमीटर, तिसरा भाग साधारण ४१. २५ चा एक पाइप आरामात बसतो. पण दोन पाइप एकमेकांवरून गेले की झाले ५०, मर्यादा ओलांडली. म्हणून पाइप एकमेकांवरून जाऊ नयेत असाच नकाशा आधी आखायचा. नाइलाजानं गेलेच तर दोन्ही २० चे. चार इंची स्लॅबमध्ये तेही नको, तिथं तिसरा भाग ३३ च होतो. बोर्डाजवळ सगळे पाइप एका ठिकाणी उतरतात, तिथं लोक आठ-दहा पाइप चिकटवून बांधतात. दोन पाइपांत तीन इंच तरी सोडा, म्हणजे २० मिलिमीटरची खडी मधे उतरते. नाहीतर पाइपांखाली पोकळी राहते आणि स्लॅब तिथंच भेगाळतो.

पाइप निदान मध्यम जाडीचा घ्या, त्यावर एमएमएस लिहिलेलं असतं. हलका एलएमएस पाइप कामगाराच्या पायाखाली चेपतो. फॅन बॉक्स आणि डीप बॉक्स सळईला बाइंडिंग तारेनं घट्ट बांधा. आत कागद गच्च भरा, वरून टेप. पाइपाच्या सगळ्या उघड्या तोंडांना टोपी. काटकोनी एल्बो स्लॅबमध्ये नको, लांब वळणाचा बेंड वापरा, आणि एका बॉक्सपासून दुसऱ्यापर्यंत दोनपेक्षा जास्त बेंड नकोत. तिसऱ्या बेंडला वायर अडते, आणि पोरं मग जोर लावून ओढतात. बीम ओलांडायचा तर रिंग कापायची नाही, कॉलमच्या जवळून जायचं नाही. कॉलममध्ये उभा पाइप सोडायचा नाही. न्हाणी-संडासाच्या खोलगट स्लॅबमधून कोणतीच लाइन नको, वळसा पडला तरी चालेल.

ओतायच्या आदल्या संध्याकाळी फोटो. नुसता फोटो नाही, भिंतीपासून टेप धरून, आकडा दिसेल असा. प्रत्येक खोलीचा वेगळा. उद्या मालकानं पाळण्यासाठी हूक मारायला ड्रिल लावलं, तर हाच फोटो उपयोगी पडतो.

आणि ओतायच्या दिवशी वायरमन तिथं हजर पाहिजे. स्लॅबच्या दिवशी घरात नारळ फुटतो, जेवणं असतात, मालक पाहुण्यांत गुंतलेला. घमेली घेऊन पंधरा-वीस माणसं त्या पाइपांवरून धावतात, व्हायब्रेटरची सुई जॉइंटला लागली की कपलर निसटतो. निसटलेला कपलर तेव्हाच बसवला तर दोन मिनिटांचं काम. मी हातात टेप, सोल्युशन आणि पाच-सहा जास्तीचे कपलर घेऊन शेवटच्या घमेल्यापर्यंत वर उभा असतो. पोरांनो, या दिवशी दुसरं काम घेऊ नका. सेंट्रिंग उतरलं की लगेच प्रत्येक पाइपातून वायर ओढायची स्प्रिंग घालून बघा. कुठं अडली तर भिंतीचं प्लास्टर व्हायच्या आधीच दुसरी वाट काढता येते.

झालेल्या स्लॅबमध्ये नवी वायर न्यायची असेल तर खालून झिरी, म्हणजे वायरसाठी लांब खाच, मारू नका. खालच्या सळईच्या खाली काँक्रीट २० मिलिमीटरच्या आसपासच असतं, झिरी मारली की सळई उघडी. केसिंग-कॅपिंग, म्हणजे बाहेरून लावायची झाकणाची प्लास्टिक पट्टी, लावा, ते वाईट दिसत नाही. आरपार भोक पाडायचं असेल तर भिंतीच्या कोपऱ्यात, बारीक बिटनं आधी चाचपून. लोखंड लागलं की थांबा, दोन इंच सरका. सळई कापायची नाही.

काळी माती

तळमजल्याच्या फरशीखालून लाइन नेऊ नका, असं मी सगळ्यांना सांगतो. कारण आपली जमीन. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. घराचा जोता एका जागी, बाहेरची माती वर-खाली. पाइप जोत्यातून अंगणात निघतो, नेमका त्याच रेषेवर कातरला जातो. शहाबादी फरशी उचलली तर पाइप तुटलेला आणि त्यात पाणी साचलेलं, असं मी कितीदा बघितलंय.

गोठ्याला किंवा विहिरीच्या मोटारीला लाइन न्यायचीच असेल तर जोत्याच्या भिंतीत वायरच्या पाइपापेक्षा दुप्पट मोठा पाइप बसवा आणि वायर त्यातून सैल जाऊ द्या. बाहेर पडल्यावर वायरला एक मोठं ढिलं वळण ठेवा, माती हलली तर ओढ बसणार नाही. अंगणात आर्मर्ड केबल, ७५ सेंटीमीटर खोल, खाली-वर वाळू, वाळूवर विटांची ओळ. कुदळ आधी विटेला लागते. बैल बांधायची मेख ठोकतात ती रेषा टाळा.

वायर कोणती

दिव्यांना १.५ स्क्वेअर मिलिमीटर, प्लगला २.५, गिझर-एसीला ४. तांब्याची, आयएस ६९४ हे भारतीय मानक छापलेली. साध्या पीव्हीसी वायरचं आवरण ७० अंश सोसतं, आणि ती किती करंट नेते याचे तक्ते ४० अंशांची हवा धरून केलेले असतात. विदर्भात मे महिन्यात ४५ ही रोजची गोष्ट. ४५ ला त्या आकड्याचा जवळपास दहावा भाग कमी धरावा, आणि उन्हात तापलेल्या वरच्या स्लॅबमध्ये त्याहून अधिक. म्हणून कूलरच्या प्लगला मी १.५ टाकत नाही, मालकानं कितीही आग्रह केला तरी. पाइपही ठासून भरायचा नाही, आतली चाळीस टक्के जागा भरली की बस.

कूलर म्हणजे पत्र्याचं अंग, आत पाणी आणि समोर ओल्या हाताची पोरं. एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नाही. माणसासाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की लाइन पाडणारा स्विच, बसवा. त्याच्या जोडीला घरात अर्थिंगची वायर प्रत्येक प्लगपर्यंत गेलेली पाहिजे, जमिनीत घातलेल्या प्रत्येक पाइपातून हिरवी वायर गेलीच पाहिजे. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालत राहा.

शेवटची तपासणी

फळी ठोकायच्या आधी, बोर्ड बंद करायच्या आधी मेगर, म्हणजे वायरचं आवरण शाबूत आहे का ते मोजणारं यंत्र. बल्ब काढा, कूलर, टीव्ही, इन्व्हर्टर सोडवा, नाहीतर ५०० व्होल्टनं त्यांचे आतले पार्ट जातील. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, तिन्ही जोड्या. एक मेगाओहमच्या खाली आकडा आला तर लाइन द्यायची नाही. नव्या वायरीत तो कितीतरी पटींनी जास्त येतो, म्हणून दोन-तीन मेगाओहम दिसलं तरी मी समाधान मानत नाही, कुठं आवरण तासलं गेलं ते शोधतो. मग आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का ते मालकाच्या देखत दाखवा.

मेगरचे आकडे, पाइपांची मापं आणि फोटोची एक प्रत मेन बोर्डाच्या दाराच्या आतून चिकटवा. आणि उन्हाळ्यात केलेल्या कामाला श्रावणात, भिंती चांगल्या ओल्या झाल्यावर, पुन्हा मेगर लावायला या. कोरड्या मे महिन्यात जी गळती दिसत नाही, ती तेव्हा आकड्यात उतरलेली असते, आणि दाराच्या आतला जुना आकडा शेजारीच लिहिलेला असल्यानं फरक लगेच कळतो.